ओल्गाच्या सफरचंदाला दिलेला ताण

वनिता गावंडे यांना झाडांबद्दल कुणी काही शिकवायला गेलं, की त्या सगळं शेवटपर्यंत ऐकून घेत, मधूनमधून मान डोलावत, आणि मग स्वतःच्या मनासारखं करत. ही सवय त्यांनी काटोलहून कॅल्गरीला आणली आणि लग्नातल्या पितळी डब्यासारखी जपली. सवय वाईट होती असं नाही. दहातल्या नऊ वेळा त्यांचंच खरं ठरे. पण झाडाच्या बाबतीत दहावी वेळ फार महागात पडते, कारण झाड भांडत नाही. ते गुपचूप वाळतं.

काटोलच्या अलीकडे एका खेड्यात वनिताबाईंच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. दोन्ही भाऊ शिकायला नागपूरला गेले आणि बागेत वडिलांच्या मागे मागे फिरायला उरली ही एकटी. शाळा सुटली की दप्तर मेढीला अडकवायचं आणि बागेत. कुठल्या झाडाला डिंक सुटला, कुठल्या फांदीत अळी शिरली, हे तिला वडिलांच्या आधी दिसायचं. वडील लोकांना सांगत, "माहे दोन्ही पोट्टे मास्तर होतील, पण बाग पाहणारी हीच एक आहे." पुढे बाग अर्थातच दोन्ही पोट्ट्यांना मिळाली आणि त्यांनी ती विकली. ती गोष्ट वेगळी.

संत्र्याच्या बागेत ताण देणं म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. थंडी सुरू झाली की वडील विहिरीवरचं इंजिन बंद करायचे. झाडांना थेंबभर पाणी नाही. पानं मलूल व्हायची, कडेनं वळायची, जमिनीला भेगा पडायच्या, आणि नवख्या माणसाला वाटायचं, मेली बाग. मग जानेवारीत एके दिवशी वडील पाणी सोडायचे, आणि पंधरवड्यात सगळी बाग पांढऱ्या फुलांनी भरून जायची. अख्ख्या शिवारात वास. वडील म्हणायचे, "झाडाले उपाशी ठेवलं का मंग त्याले लेकरं आठवतात. रोज जेवू घातलं तर ते नुसतं अंगानं वाढते."

एका वर्षी लहानग्या वनितेला दया आली. विहिरीजवळच्या एका झाडावर तिचा फार जीव. सगळ्यांची नजर चुकवून ती रोज त्या झाडाच्या बुडाशी कळशी रिकामी करायची. झालं काय, त्या झाडाचा ताण अर्धाच तुटला. भर थंडीत त्याला चार फुलं आली ती गळाली, आणि बाकीची बाग लगडली तेव्हा त्याच्यावर नुसता पाला. वडील रागावले नाहीत. तोडणी चालू होती तितके दिवस ते तिला रोज त्या रिकाम्या झाडाखाली घेऊन जात, थोडं उभं करत, आणि परत आणत. एक शब्द नाही. मार दिला असता तर ती विसरली असती. हे काही ती विसरली नाही. ताणात पाणी देणं म्हणजे दया नव्हे, घात, ही गोष्ट तिच्या हाडात शिरून बसली.

पुढे दिलीप गावंडे यांच्याशी लग्न झालं. नागपूरचे, इंजिनिअर, तेलाच्या पाइपलाइनी आखणाऱ्या एका कंपनीत कॅल्गरीला नोकरी. माणूस सज्जन, पण त्यांना कोथिंबीर आणि गवत यात फरक कळत नसे, आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. वनिताबाईंनी इकडे आल्यावर एका मोठ्या ग्रोसरीत भाजी-फळांच्या विभागात काम धरलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच काढलं. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही संत्री गोड आहेत का. वनिताबाईंनी एक संत्रं उचललं, वास घेतला, परत ठेवलं आणि म्हणाल्या, "दिसायला चांगली आहेत." मॅनेजरनं त्यांना आत बोलावून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशीपासून संत्री विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना सरळ सफरचंदांकडे पाठवू लागल्या.

त्यांचं घर नोज हिलच्या पायथ्याशी, जुन्या बंगल्यांच्या रांगेत. शेजारच्या बंगल्यात ओल्गा कोवाल्चुक. तिचे आईबाप युक्रेनहून येऊन व्हेग्रव्हिलकडे शेती करत होते. ऐंशीच्या घरातली बाई, पण बूट कायम शेतावरचे. तिच्या बॅकयार्डमध्ये, दोन घरांच्या मधल्या कुंपणाला लागून, सफरचंदाचं एक म्हातारं झाड. मुलगा ग्रेग बालवाडीत असताना तिनं ते लावलं होतं. फळं आंबट, कैरीसारखी. कॅल्गरीत कैरी मिळायची मारामार, त्यामुळे दर सप्टेंबरात वनिताबाई कुंपणावरून पिशवी पुढं करत आणि ती फळं किसून त्यांचा कैरीचा करतात तसा तिखट टक्कू करत. ओल्गानं तो एकदा ब्रेडला लावून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितला. मैत्री व्हायला एवढं पुरे झालं. दोघींचं इंग्रजी आपापल्या गावचं, पण झाडांच्या गप्पांत कुणाला कधी काही अडलं नाही.

कॅल्गरीची हवा कोरडी. इतकी की मिठाला कधी पाणी सुटत नाही आणि हिवाळ्यात दाराच्या कडीला हात लावला की ठिणगी उडते. त्यात तो चिनूक. डोंगराकडून वारा सुटतो, पश्चिमेला आभाळात ढगांची कमान उभी राहते, आणि काल हाडं गोठवणारी थंडी होती तिथं आज लोक शर्टावर फिरतात. दोन दिवसांनी पुन्हा बर्फ. दिलीपराव म्हणत, "इथलं हवामान आपल्या मराठी मंडळाच्या कमिटीसारखं आहे. सकाळी एक ठराव, संध्याकाळी दुसरा." वनिताबाईंनी मात्र या हवेचा उपयोग करून घेतला होता. भर जानेवारीत त्या बेसमेंटमध्ये चादर पसरून उडदाचे पापड घालत, आणि ते एका दिवसात खडखडीत वाळत. ब्रॅम्पटनच्या मैत्रिणींना त्या फोनवर सांगत, तुमच्याकडे उन्हाळ्यातही असे वाळायचे नाहीत.

२०१५च्या उन्हाळ्यात ओल्गाच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. ग्रेग एडमंटनला राहायचा, तिथं जाऊन करायचं आणि हिवाळा तिथंच काढायचा. निघायच्या आधी ती काठी टेकत कुंपणाशी आली आणि झाड वनिताबाईंच्या हवाली केलं. सांगितलं ते अगदी सरळ होतं. ऑगस्ट संपत आला की पाणी कमी करायचं, म्हणजे झाड झोपेच्या तयारीला लागतं. मग पानं गळून गेली की, जमीन गोठायच्या आधी, त्याला एकदा पोटभर पाजायचं. इतकं की खाली खोलवर माती भिजली पाहिजे. वनिताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मान डोलावली.

पहिला भाग त्यांना एकदम पटला. पाणी कमी करायचं म्हणजे ताणच की. मनातून त्यांना हर्ष झाला, जगाच्या या टोकालासुद्धा बाबांचंच शास्त्र. ऑगस्टात त्यांनी पाणी कमी नाही, बंदच केलं. पानं जराशी मलूल झाली तसा त्यांचा हुरूप वाढला. पुढच्या मेमध्ये ओल्गा परत येईल तेव्हा हे झाड असं फुलवून दाखवीन की ती काठी विसरेल, असं त्यांनी दिलीपरावांना सांगून ठेवलं.

ऑक्टोबरात पानं गळाली. त्या साली पावसानं दडी मारलेली, बर्फही नाही. एका सकाळी चहा घेताना दिलीपरावांनी खिडकीतून पाहत सहज आठवण केली, की ओल्गा पाणी द्यायचं काहीतरी म्हणाली होती.

"ताणात पाणी?" वनिताबाई म्हणाल्या. "काहून, झाड मारायचं आहे का? आता पाणी दिलं तर ताण तुटेल, झाड जागं होईल, आणि वरून पडेल बर्फ."

"पण ती म्हणाली होती."

"ती गव्हाच्या शेतातली. मी बागेतली."

दिलीपरावांनी चहा संपवला. पाइपलाइनबाहेरच्या गोष्टींचा त्यांचा अभ्यास नव्हता.

तो हिवाळा विचित्र निघाला. बर्फ थोडा, चिनूक फार. एकामागून एक कमानी उभ्या राहिल्या, वारा वाहिला, ऊन पडलं. वनिताबाईंचे पापड त्या वर्षी इतके सुरेख वाळले की त्यांनी दुप्पट घातले आणि संक्रांतीला सगळ्या ओळखीत वाटले.

मे उजाडला. गल्लीतली, इथं ज्यांना मेडे म्हणतात ती लवकर फुलणारी झाडं पांढऱ्या तुऱ्यांनी भरली, मागून शोभेची सफरचंदं गुलाबी झाली, आणि ओल्गाचं झाड तसंच. आधी वनिताबाईंना वाटलं, म्हातारं आहे, उशिरा उठतंय. मग कुंपणाच्या बाजूच्या, घराच्या आडोशाच्या फांद्यांवर थोडी पानं फुटली, बारीक, उंदराच्या कानांएवढी. पश्चिमेची बाजू, वाऱ्याच्या तोंडावरची, ठार उघडी राहिली. त्यांनी एक डहाळी घेऊन नखानं साल खरवडली. खाली हिरवं दिसायला हवं होतं. तपकिरी दिसलं. दुसरी खरवडली. तेच. कुदळीनं बुडाशी खणलं तर माती चुलीतल्या राखेसारखी हातातून सांडली.

त्या डहाळी घेऊन घरात आल्या आणि टेबलाशी बसल्या. दिलीपरावांनी ती उचलली, दोन बोटांत धरून वाकवली, आणि ती टचकन मोडली. ते हसून म्हणाले, "अगं, ही तर तुझ्या पापडासारखी वाळली आहे."

वनिताबाई हसल्या नाहीत. त्यांनी डहाळीचे दोन्ही तुकडे हातात घेतले आणि मोडलेल्या जागी बोट फिरवून पाहिलं. जी हवा एका दिवसात ओला पापड खडखडीत करते ती सहा महिने झाडाच्या अंगावरून वाहत होती. झाड झोपलेलं असलं तरी त्याच्या फांदीफांदीतून ती ओल ओढून नेत होती, आणि खाली मुळांना परत भरायला थेंब नव्हता. काटोलच्या थंडीत ताण दिलेल्या झाडाला निदान गार, स्थिर हवा होती. इथं त्यांनी झाडाला उपाशी ठेवलं आणि वर वाळत घातलं. पापड दर वर्षी त्याच हातांनी उलटले होते, आणि कळलं नाही.

त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर, कोक्विटलामला राहणाऱ्या मुलीला, गौरांगीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ ट्री. गेट हर अ न्यू वन." तिच्याकडे बाराही महिने पाऊस. तिथं आभाळच माळी. तिचा काय दोष? वनिताबाईंनी नातवाची चौकशी करून फोन ठेवला.

त्याच आठवड्यात ग्रेग एकटाच आईचं घर पाहायला आला; तिचं चालणं अजून सुधारलं नव्हतं, म्हणून ती एडमंटनलाच राहिली होती. धिप्पाड, पन्नाशीचा, बोलायला नम्र. झाड पाहिलं आणि म्हणाला की हे मेलंय, पुढच्या खेपेला येताना चेनसॉ आणतो, फांदी कुंपणावर पडायच्या आत काढून टाकू. त्या झाडाशी त्याचं जुनं वैरही होतं. लहानपणी त्यावरून पडून त्याचा हात मोडला होता. वनिताबाईंनी त्याला सांगितलं, अर्धं जिवंत आहे. तो म्हणाला, अर्धं जिवंत झाड म्हणजे अर्धं मेलेलं झाड. आईनं थांब म्हटलं तर थांबतो.

म्हणजे आता ओल्गाला फोन करणं आलं. दिलीपरावांनी सुचवलं की हिवाळाच वाईट होता असं सांग, ते काही खोटं नाही. वनिताबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

ओल्गानं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"ऑक्टोबरात पाजलं होतंस?"

"नाही."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मला वाटलं, मला जास्त कळतं. माझ्या गावात असंच करतात."

पलीकडं ओल्गानं टीव्ही बंद केला.

"तुझ्या गावाला कळत असेल," ओल्गा म्हणाली. "पण माझ्या झाडानं तुझं गाव कुठं पाहिलंय?"

वनिताबाईंनी मुदत मागितली. एक उन्हाळा, एक हिवाळा. पुढच्या मेमध्ये झाड फुललं नाही तर ग्रेगच्या चेनसॉला त्या स्वतः वायर धरतील. ओल्गानं पुढच्या मेपर्यंत थांबायचं कबूल केलं, पण बजावलं, "एक लक्षात ठेव, मेलेल्या फांदीला जिवंत म्हणायचं नाही. तेवढा खोटेपणा झाडाला चालत नाही."

दुसऱ्या दिवसापासून वनिताबाईंनी कंबर कसली. शिडीवर चढून एकेक फांदी खरवडली आणि जिथं हिरवं सापडलं तिथं लाल लोकरीचा धागा बांधला. पूर्वेची बाजू लाल झाली. पश्चिमेला एकही धागा लागेना. तरी घाई केली नाही. जूनभर वाट पाहिली, न जाणो एखादा डोळा उशिरा फुटेल. फुटला नाही. मग झाडं छाटणारा माणूस बोलावला. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, सगळंच काढू या, स्वच्छ होईल. वनिताबाईंनी धागे दाखवले आणि म्हणाल्या, जिथं लाल नाही तेवढंच. पश्चिमेची ती जाडजूड फांदी खाली आली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही. उभं राहून पाहिलं.

झाडाखालचं गवत त्यांनी खरवडून काढलं, कारण वरचं सगळं पाणी ते गवतच पिऊन टाकत होतं. तिथं मोठं गोल आळं केलं आणि लाकडाच्या भुशाचा थर घातला. सवयीनं खोडाशी भर घालायला गेल्या, तेवढ्यात हात थांबवला. ओल्गाला फोन करून विचारलं. ओल्गा म्हणाली, खोड मोकळं ठेव, तिथं उंदीर घर करतात. या वेळी मान डोलावली आणि तसंच केलं. दिलीपरावांना याची इतकी सवय नव्हती की त्यांनी कॅलेंडरवर तारखेला गोल केला.

पाण्याचं खातं त्यांच्याकडेच आलं. नळी अगदी बारीक धारेवर सोडायची, बुडाशी नव्हे तर फांद्यांच्या टोकांखाली, जिथं बारीक मुळं असतात, आणि ती सावकाश फिरवत राहायची. दिलीपराव खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आयुष्यभर पाइपलाइनच्या ऑफिसात बसलो, आता कुठं हातात खरी पाइपलाइन आली." मंडळाच्या सत्यनारायणाला सुनेत्रा देवधर म्हणाल्या की वनितावहिनी आजकाल दिसत नाहीत, त्यांचा पेशंट आयसीयूत आहे. सगळे हसले. वनिताबाईही हसल्या, आणि आरती झाल्याबरोबर प्रसाद घेऊन निघाल्या, कारण नळी हलवायची वेळ झाली होती.

ऑगस्ट सरत आला तसं पाणी कमी केलं. पानं मलूल होऊ दिली नाहीत, पण चैनही नाही. मग पांढरा रंग पाण्यात कालवून खोडावर लावला. आपल्याकडे झाडाला गेरू-चुना लावतात तसं. इथं त्याचं कारण वेगळं. हिवाळ्यात चिनूकचं ऊन खोडाच्या एका बाजूला तापवतं, रात्री तेच गोठतं, आणि साल तडकते. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही. दिलीपरावांनी विचारलं, हळद कधी लावायची आणि वरात कुठून निघणार. ओल्गाला फोनवर सांगितलं तर ती लहान मुलीसारखी खूश झाली. तिचे वडील दर वसंतात सगळ्या झाडांना चुना द्यायचे. तिनं कॅल्गरीत कधी केलं नव्हतं, लोक हसतील म्हणून.

"आता हसतायत का?" तिनं विचारलं.

"हसतायत."

"हसू दे."

ऑक्टोबरात लवकर बर्फ पडला, वितळला, आणि महिन्याच्या शेवटी पानं गळून झाड उघडं झालं. वनिताबाई नळी घेऊन झाडाखाली उभ्या राहिल्या. दिलीपराव नळाशी होते, हुकमाची वाट पाहत. हुकूम काही येईना. वर प्रत्येक लाल धाग्यापुढं फांदीला बारीक, केसाळ, मिटलेल्या कळ्या होत्या, आणि वनिताबाईंना त्या कळ्यांच्या जागी विहिरीजवळचं ते रिकामं झाड दिसत होतं. डोक्याला सगळं पटलं होतं. हाताला पटत नव्हतं. साठ वर्षं जी गोष्ट घात म्हणून ओळखली ती आता मुद्दाम करायची, आणि तीही दुसरीच्या झाडाला, आणि चुकली तर दुसरी संधी नाही.

"सोडू का?" दिलीपरावांनी विचारलं.

"सोडा."

दिवसभर पाणी चाललं. कुदळीनं खणून पाहिलं तर हातभर खाली माती काळी, ओली, मुठीत धरली की लाडू वळावा अशी. दुसऱ्या दिवशीही थोडं दिलं. मग बाहेरचा नळ हिवाळ्यासाठी बंद केला.

त्यानंतरचे आठवडे त्यांना फार जड गेले. नोव्हेंबरात चिनूक आला, बॅकयार्डमधला बर्फ ओघळला, लोकांनी जॅकेटं काढली. वनिताबाई दिलीपरावांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन रोज कळ्या पाहायला जात. फुगल्या का, टोकाला हिरवं दिसतं का. नाही. कळ्या मिटलेल्या. पाणी पोटात, हवा कोमट, आणि तरी झाड ढिम्म. तेव्हा त्यांना हळूहळू उमगत गेलं. काटोलात झाडाला पाणी उठवतं, म्हणून पाण्याला भ्यायचं. इथं झाड थंडी मोजत असतं. ती पुरती भरल्याशिवाय त्याला पाण्यानंही जाग येत नाही आणि चिनूकच्या थापांनीही येत नाही. त्यांनी हे दिलीपरावांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे झाड आपल्यापेक्षा हुशार. आपण दर चिनूकला स्वेटर धुवायला टाकतो.

पुढच्या चिनूकमध्ये वरची माती मऊ झाली आणि कोरडी लागली, तसं पुन्हा पाणी द्यायचं ठरलं. नळ बंद. मग बेसमेंटमधल्या कपडे धुवायच्या सिंकमधून बादल्या भरून वर. दोन म्हातारी माणसं जिन्यावरून बादल्या वाहतायत आणि शेजारच्या झाडाला घालतायत, हे दृश्य पाहून समोरच्या घरातल्या बाईनं काळजीनं येऊन विचारलं, घरात पाणी शिरलं का. त्या हिवाळ्यात बेसमेंटमध्ये पापडाची चादर काही पसरली नाही. जागाच नव्हती, बादल्या होत्या.

मे २०१७. मेडे फुलून गेली. मग एका सकाळी पूर्वेच्या फांद्यांवर गुलाबी ठिपके आले, आणि चार दिवसांत ठिपक्यांची फुलं झाली. झाड लगडलं वगैरे नाही. पश्चिमेला कापलेल्या फांदीचा गोल पांढरट घाव, आणि एका बाजूनं फुललेलं झाड, वेणी एकाच बाजूला घातल्यासारखं. पण मधमाश्या आल्या होत्या.

शनिवारी ग्रेगचा ट्रक आला. मागे चेनसॉ होती. तो शब्दाचा पक्का माणूस. पुढून ओल्गा उतरली, वॉकर घेऊन, बारीक झालेली. वनिताबाईंना हात केला आणि सरळ झाडाकडे निघाली. फुलांकडे तिनं पाहिलंही नाही. आधी कापलेला घाव पाहिला. बोट फिरवून कडेनं नवी साल चढते आहे का ते तपासलं. मग खोडाच्या पांढऱ्या रंगावर हात ठेवला. मग एक डहाळी खाली ओढली आणि नखानं खरवडली.

हिरवी.

वनिताबाई कुंपणाच्या आपल्या बाजूला उभ्या होत्या. अर्धं झाड गेलं होतं, ते त्यांच्यामुळे गेलं होतं, आणि त्यावर फुलांचं पांघरूण घालायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अर्धं वाचलं."

"दिसतंय मला," ओल्गा म्हणाली. मग वळून मुलाला म्हणाली, "ग्रेग, ते यंत्र राहू दे. माझी बॅग काढ."

ग्रेग म्हणाला, "मॉम, आपण फक्त पाहायला आलो होतो."

"पाहिलं. आता बॅग काढ."

ग्रेगनं वनिताबाईंकडे पाहिलं, जणू आईला समजावण्याची काही युक्ती त्यांच्यापाशी असेल. ती त्यांच्यापाशी नव्हती. ग्रेगनं बॅग काढली, आणि जिन्याला कठडा बसवावा लागेल, बाथरूममध्ये धरायला दांडा लागेल, असं काय काय पुटपुटत आत गेला. दिलीपराव त्याच्या मागोमाग गेले, दांड्याची मापं घ्यायला.

ओल्गा वॉकरवर टेकून उभी राहिली. आता कुठं तिनं फुलांकडे पाहिलं.

"ऑक्टोबरात पाणी कोण देणार?" तिनं विचारलं.

"मी देईन."

"तू नाही. दोघी देऊ. तुझ्या एकटीवर सोडायला मी अजून तेवढी म्हातारी झालेली नाही."

वनिताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. पण नळी मी धरीन. तुला वाकता येत नाही."

"आणि नळ?"

"नळ दिलीपच्या हातात. त्याला हुकमाशिवाय काही सोडता येत नाही, म्हणून तो बरा."

आतून दिलीपरावांनी हे ऐकलं की नाही, कळलं नाही. ते ग्रेगला दांड्याचा पाइप कसा बसवावा ते समजावत होते, आणि ग्रेग मान डोलावत होता.